छप्पर आधी, चाकं शेवटी

खुर्शीदबीला गाडी घ्यायची होती. घ्यायची हे ठरलं होतं. कोणत्या दिवसांत घ्यायची, यावर मात्र तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, लतीफचं, जमत नव्हतं.

ही दोघं वसमतची. जातीनं मनियार, म्हणजे बांगड्यांचा धंदा. लतीफच्या खांद्यावर कावड आणि खुर्शीदबीच्या डोक्यावर टोपली, अशी त्यांची जोडी कुरुंदा, औंढा, बाळापूर, डोंगरकडा या टापूत वीस-बावीस वर्षं फिरत होती. घरात ती दख्खनी बोलत, गावांत मराठी, आणि वाटेवर दोन्हींची खिचडी. गावोगावच्या बाया तिला मामी म्हणत. काकणं भरताना समोरचीचा हात ती अशी हळू दाबत दाबत लहान करी, की घट्टातली घट्ट बांगडीही कधी मनगटावर गेली ते कळायचं नाही. मुलगी एकच, गौसिया. तिला हिंगोलीत दिली होती. घरी मागं कुणी नव्हतं, त्यामुळं वर्षाचे निम्मे दिवस दोघं बाहेरच असत.

मुक्काम कुठं करायचा, ही रोजची अडचण. कुणाच्या ओसरीवर, कधी चावडीत, कधी गुरांच्या गोठ्यात. एका श्रावणात लतीफ आजारी पडला, तेव्हा दोघं बाळापूरच्या अलीकडे एका ओढ्यापाशी अडकली होती. ओढ्याला पाणी, मागं चिखल, आणि आसऱ्याला एक पडकं खोपट. टोपलीतल्या लाखेच्या बांगड्या भिजून त्यांचा रंग खुर्शीदबीच्या लुगड्यावर उतरला. लतीफला थंडी वाजून ताप भरला. पाणी उतरल्यावर एका शेतकऱ्यानं त्याला आपल्या गाडीत घालून वसमतला आणलं. त्या गाडीला छप्पर होतं. खुर्शीदबी वाटभर त्या छपराकडं बघत आली.

लतीफ उठून बसला तशी ती म्हणाली, "आपल्याला अशी गाडी पायजे. वर छप्पर, आत झोपायला जागा. माल बी त्यातच, चूल बी त्यातच."

लतीफला हे एकदम पटलं. पैसा थोडा थोडा साठवलेला होता. तो कशासाठी ठेवलाय हे दोघांनाही आजवर नीट माहीत नव्हतं. तो म्हणाला, "दसऱ्याला घेऊन टाकू. दिवाळीचा माल गाडीतूनच विकू."

"थांबा जरा," ती म्हणाली. "विचारून बघू."

ही तिची सवय होती. गौसियाचं लग्न ठरवतानाही तिनं इतक्या जणांना इतकं विचारलं होतं, की शेवटी मुलाकडच्यांनीच निरोप पाठवला, मामी, आता तरी हो म्हणा.

त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात ती जाईल तिथं एकच प्रश्न विचारत गेली. हाती बांगडी, तोंडी गाडी. डोंगरकड्याला सोनाजी सुतार होता. त्या बाजूच्या बहुतेक गाड्या त्याच्या हातच्या. तो रंध्यावरून मान वर न करता म्हणाला, "पावसाळ्यात चाक बघूच नका मामी. लाकूड पाणी पिऊन फुगतं, समदे सांधे घट्ट दिसतात. चैत-वैशाखात बघा. आटलं की आरा हालतो का, लोखंडी धाव ढिली होती का, ते तवाच कळतं."

औंढ्याच्या डोंगराकडं एक तांडा होता. तिथला थावरा बैलांचा जाणकार. तो म्हणाला, "चैतात बैल घेशील तर फसशील. पेरणी तोंडावर आलेली असती, ज्याला त्याला बैल पायजे. कार्तिकात ये. जवारी पेरून झाली की शेतकऱ्याला बैल दावणीला नुसता उभा दिसतो. तवा निवांत बघून घे."

आणि वसमतची म्हातारी बुरडीण, जी गाड्यांची छपरं विणायची, ती तर हसलीच. "छप्पर उन्हाळ्यात घेतंय कोण? उन्हाळ्यात समदी छपरं चांगलीच असतात. पावसात घे, पावसात बघ."

खुर्शीदबीनं हे सगळं घरी येऊन लतीफला सांगितलं. तो भाकरी खात होता. त्यानं घास खाली ठेवला.

"म्हंजे चाकं चैतात, बैल कार्तिकात आन छप्पर श्रावणात. मग काय तुकड्या-तुकड्यानं गाडी घ्यायची का?"

"व्हय," खुर्शीदबी म्हणाली. "तसंच करू."

लतीफला वाटलं ती चेष्टा करतेय. ती चेष्टा करत नव्हती.

आषाढ सरता सरता बुरडिणीनं छप्पर आणून दिलं. बांबूच्या कांबींची कमान, दोन चटयांच्या मधे पळसाची पानं आणि वरून डांबर फासलेलं तरट. ते ठेवायचं कशावर? अंगणात चार मोठे दगड मांडले, त्यावर दोन फळ्या आणि त्यावर छप्पर. शेजारीपाजारी जमले. कय्युम नावाचा शेजारी भिंतीवरून डोकावत ओरडला, "लतीफमियाँ, गाडी कुठं पळाली तुमची? टोपी तेवढी मागं ऱ्हायली!" सगळी गल्ली हसली. लतीफ लाजून घरात गेला, आणि चहा पिऊन परत बाहेर आला, कारण खुर्शीदबी छपराखाली जाऊन बसली होती आणि ती आता तिथून हलणार नाही हे त्याला दिसत होतं.

पाऊस आला तेव्हा दोघं त्या छपराखाली बसली. घर दहा पावलांवर असताना अंगणात बसायचं म्हणजे काय ते लतीफला कळेना. पण थोड्या वेळानं त्याच्या मानेवर थेंब पडला. मग दुसरा.

"गळतंय," तो म्हणाला.

"कुठं? बोट लावून दाखवा."

त्यानं बोट लावलं, तिनं तिथं चुन्याचा ठिपका दिला. असे सात-आठ ठिपके झाले. बुरडीण येऊन त्या ठिकाणी पानं घालून गेली. आणखी एक गोष्ट निघाली. खुर्शीदबीनं शेजारच्या पार्वतीबाईला छपराखाली समोर बसवून तिच्या हातात बांगड्या भरून पाहिल्या. दर वेळी खुर्शीदबीचं कोपर कमानीला लागत होतं.

"हे असं न्हाई चालायचं," ती बुरडिणीला म्हणाली. "मला यात धंदा करायचाय. कमान हातभर वर घे."

"उंच केलं तर वारं धरंल," बुरडीण म्हणाली.

"वारं धरू दे. कोपर न्हाई लागलं पायजे."

कमान पुन्हा बांधली गेली. भादव्यात एक दिवस असा मुसळधार पाऊस झाला की घराच्या माळवदाला गळती लागली. तेव्हा लतीफ स्वतःच बांगड्यांची टोपली उचलून अंगणातल्या छपराखाली घेऊन आला. टोपलीवर एक थेंब पडला नाही. मग भिंतीपलीकडून कय्युमच विचारू लागला, मामी, आमचं पिठाचं मडकं ठेवू का तिकडं?

कार्तिकात दोघं तांड्यावर गेली. थावरानं दोन बैल दाखवले. लाल, ठेंगणे, शांत. एकाचं शिंग अर्ध्यातून मोडलेलं.

"याला कुणी घेऊन नाही राहिलं," थावरा म्हणाला. "लोकांला जोडी देखणी पायजे. पण चालीला दोघं बराबर आहेत. मोडकं शिंग काय ओढायला लागतं?"

लतीफनं बैलाच्या पाठीवर हात फिरवला. बैलानं मान वळवून त्याची बाही हुंगली आणि चाटायला लागला. लतीफ त्यानंतर दुसरा बैल बघायला तयारच झाला नाही. धड शिंगांचा तो हिऱ्या. मोडक्या शिंगाचा शिंगमोड्या. नावं लतीफनंच ठेवली.

आता बैल आले आणि गाडी नाही. थावराची बायको रूपाबाई म्हणाली, "आमच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर माल घालून मुलूख पालथा घातला. तुमी बी घाला." तिनं पाठीवर टाकायची तरटाची झूल दिली, तिला दोन्ही बाजूंना खण. त्यात बांगड्यांच्या पेट्या ठेवून लतीफ आणि खुर्शीदबी निघाली. खांद्यावर कावड नाही, डोक्यावर टोपली नाही. लतीफ सुरुवातीला सारखा खांदा हलवून बघायचा, काहीतरी विसरल्यासारखा.

कुरुंद्याच्या शिवेवर घात झाला. शिंगमोड्याला पाठीला खाज सुटली असावी. तो लिंबाच्या झाडापाशी थांबला आणि त्यानं अंग घासलं. अख्खा खण झाडाच्या खोडावर दाबला गेला. आतून जो आवाज आला तो ऐकून लतीफनं डोळे मिटले. खण उघडला तर हिरवा, लाल, पिवळा, सगळा काचेचा चुरा. दिवाळीनंतर भरलेला नवा माल.

खुर्शीदबी रस्त्याच्या कडेला खाली बसली. डोळ्यांत पाणी होतं. लतीफनं बैलाला झाडापासून दूर बांधलं. रस्त्यात पडलेले तुकडे तो वेचून बाजूला करू लागला, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "बरं झालं गाडी न्हाई घेतली अजून."

"ते काहून?"

"गाडीत यापेक्षा जास्त आदळआपट. सगळाच माल गेला असता. आधी काच बांधायला शिकावं लागंल."

तो हिवाळा त्यांनी ते शिकण्यात घालवला. गवतात बांधून पाहिलं, भुशात पुरून पाहिलं. पण भुसा हादऱ्यानं खाली बसतो आणि काच काचेला लागते. शेवटी वसमतच्या पेठेत सरकीसकट कापसाचे ढीग पाहून खुर्शीदबीला सुचलं. तिनं बांगड्या दोरीत ओवल्या, कापसात गुंडाळल्या, वरून जुन्या लुगड्याची पट्टी आवळली आणि ती लांब गुंडाळी अंगणातल्या छपराला आतून टांगली. मग दोघांनी छप्पर दोन्हीकडून धरून गदागदा हलवलं. गुंडाळ्या झोके घेत राहिल्या. सोडून पाहिलं तर एकही बांगडी वाढली नव्हती. बांगडी फुटली असं त्यांच्या धंद्यात कुणी म्हणत नाही.

चैत्र आला. गाडीची बातमी घेऊन एक दलाल दारात उभा राहिला. बाळापूरकडं एक दमणी विकायची आहे, म्हणजे माणसं नेण्याची हलकी गाडी. मालक लांब जातोय, म्हणून घाई आहे. दोघं जाऊन पाहून आली. गाडी दिसायला झकास. जू रंगवलेलं, बसायची साटी गुळगुळीत, चाकं काळीभोर. लतीफनं आरे हलवून पाहिले, एकही हलला नाही. तो खूश झाला.

"घेऊन टाकू," तो कुजबुजला. "सोनाजीनं सांगितला तोच महिना आहे."

खुर्शीदबी चाकापाशी बसली. आरा तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडात, जिथं शिरतो, तिथं तिनं बोट घातलं. बोटाला गारवा लागला. बोट बाहेर काढलं तर त्यावर हिरवट शेवाळ. तिनं आजूबाजूला पाहिलं. थोड्या अंतरावर एक तळं होतं आणि तळ्यापासून गाडीपर्यंत ओल्या मातीत चाकाची ताजी वाट उमटलेली.

ती दलालाला म्हणाली, "भाऊ, गाडी उन्हात ठेवा. आठवड्यानं येतो."

"आठवड्यानं ऱ्हायची न्हाई मामी. गिऱ्हाईक लई आहे."

"मग दिऊन टाका त्यांला."

परतीच्या वाटेवर लतीफ मागं वळून वळून तळ्याकडं बघत होता. बराच वेळ चालल्यावर त्यानं विचारलं, "तुला राग न्हाई आला त्याचा?"

"कशाला? त्याला विकायची हाय, आपल्याला बघायची हाय."

शेवटी चाकं सोनाजीचीच आली. कुणीतरी सांगून बनवून घेतलेली, पण न्यायला कुणी न आलेली एक जोडी त्याच्याकडं वर्षभर छपराखाली वाळत पडली होती. बाभळीचं लाकूड पार सुकलेलं. जे आटायचं ते आटून झालं होतं. साटी आणि जू सोनाजीनं नवं जोडून दिलं; आता फक्त धाव बसवायची होती. सोनाजीनं लोहाराला बोलावलं. गोवऱ्यांचा मोठा जाळ पेटवून त्यात लोखंडाची कडी लाल केली, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवली आणि वरून घागरी ओतल्या. वाफेचा लोट उठला. लोखंड आवळत गेलं तसे चाकाचे सांधे कडकड वाजत एकमेकांत बसले. खुर्शीदबी पदरानं तोंड झाकून सगळं बघत उभी होती. तिला तो आवाज फार आवडला. हाताच्या मुठीवरून बांगडी सरकवताना हाडं अशीच आत सरकतात, असं ती लतीफला म्हणाली.

सोनाजीनं नव्या गाडीपुढं नारळ फोडला. लतीफनं बिस्मिल्ला म्हणून जुवाला हात लावला. वसमतच्या अंगणातलं छप्पर कय्युमनं आणि गल्लीतल्या चौघांनी उचलून साटीवर चढवलं. ते बराबर बसलं. नेमकं वैशाखाचं तोंड, लग्नसराईचे दिवस. पुढच्याच आठवड्यात ती दोघं गावोगाव नव्या नवरींचे हिरवे चुडे भरत निघाली.

गाडीनं काय बदलेल याचा दोघांनी खूप विचार केला होता. कोरडं झोपायला मिळेल, माल शाबूत राहील, पाय दुखणार नाहीत. हे सगळं झालंच. पण एक गोष्ट झाली, जिचा विचार कुणी केला नव्हता. बाया गाडीत चढू लागल्या.

आधी खुर्शीदबी ओसरीवर बसून बांगड्या भरायची. समोर सासरा बसलेला, दीर ये-जा करत असलेला. आता ती गावाच्या मोकळ्या जागेत गाडी सोडायची, मागं जुन्या लुगड्याचा पडदा टाकायची आणि बाया दोघी-तिघी मिळून आत बसायच्या. वर कापसाच्या गुंडाळ्या लोंबत असायच्या. आत बांगड्या कमी आणि बोलणं जास्त. कुणी नवऱ्याच्या नकला करायची, कुणी माहेरचं सांगायची. कधी आतून इतकं हसू फुटायचं की बैल कान टवकारायचे. लतीफ बाहेर झाडाखाली विडी ओढत बसलेला असायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आत माझं काही चालत न्हाई."

दोन श्रावण गेल्यावरची गोष्ट. गाडी कुरुंद्याला सोडलेली. दुपारपर्यंत बायांची गर्दी होती. ती पांगल्यावर पडद्यापाशी सखुबाई आली. ती गावातल्या एका मोठ्या घरची सून. वय पंचविशीच्या आत, नवरा गेलेला. इतर घरांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, यांच्या घरात ती रीत नव्हती. पांढरं कपाळ आणि रिकामे हात घेऊन ती गेली तीन-चार वर्षं घरातलं काम ओढत होती.

"मामी, बसू का जरा?" तिनं विचारलं.

"ये की लेकरा."

ती आत येऊन बसली. जावेसाठी बांगड्या बघायच्यात, असं म्हणाली. खुर्शीदबीनं गुंडाळी सोडली. सखुबाईनं हिरव्या बांगड्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

खुर्शीदबीनं पडद्याची कड ओढून घेतली. मग तिनं सखुबाईचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला. सखुबाई दचकली. "न्हाई मामी, न्हाई."

"माप बघते. जावेचा हात तुझ्याएवढाच हाय ना?"

सखुबाईनं हात मागं घेतला नाही. खुर्शीदबीनं तेलाचं बोट लावून एक बांगडी चढवली. मग दुसरी. हात भरला. मग उजवा हात. सखुबाईनं दोन्ही हात समोर धरले आणि हळूच हलवले. काच किणकिणली. तिनं ते पुन्हा केलं. मग हात कानाजवळ नेला आणि डोळे मिटून बसली.

बाहेर कुणीतरी लतीफला वाट विचारत होतं. बैल कडबा खात होते. खुर्शीदबी दुसऱ्या गुंडाळीची गाठ सोडत आणि बांधत राहिली, काहीतरी काम हातात असावं म्हणून.

बऱ्याच वेळानं सखुबाई म्हणाली, "काढा आता."

तिकडच्या बाया विधवेच्या बांगड्या दगडावर फोडतात. सखुबाईच्याही तशाच फोडल्या होत्या. खुर्शीदबीनं पुन्हा तेल लावलं, मुठीची हाडं हळूहळू दाबली आणि एकेक बांगडी अखंड बाहेर काढली. सगळ्या निघाल्या. एकही वाढली नाही. मनगटावर ओरखडासुद्धा नव्हता.

सखुबाईनं पदरानं हाताचं तेल पुसलं. "परत कवा येणार मामी?"

"दिवाळीच्या आधी."

"मी येईन. माप बघायला."

"ये. मी गर्दी सरल्यावर थांबून ऱ्हाते."

ती खाली उतरून गेली. चालताना तिची मान जरा वर होती, असं खुर्शीदबीला वाटलं.

लतीफनं बैल जुंपता जुंपता विचारलं, "काय घेतलं तिनं?"

"काही न्हाई."

"मग इतका येळ?"

"बसली होती."

लतीफनं जू नीट बसलंय का ते पाहिलं. त्यानं कासरा हातात घेतला, हिऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी औंढ्याच्या वाटेला लावली. दोन्हीकडं हळदीची हिरवी पानं वर आली होती. आभाळ भरलेलं होतं, पण घाई नव्हती. खुर्शीदबी छपराखाली मागं टेकून बसली, पाय लांब केले आणि सुपारी कातरायला घेतली.